घर गेलं, कर्ज मात्र राहिलं! : मंदीतल्या स्पेनमधली एक संघटना आणि आपल्या वर्गातला एक पाठ



आठवी ते दहावीच्या मुलांना आपण बचत, कर्ज, व्याज, मंदी, बेरोजगारी हे शब्द शिकवतो. व्याख्या पाठ होतात, गाळलेल्या जागा भरल्या जातात, गुणही मिळतात. पण मंदी आली की माणसाच्या घरात नेमकं काय होतं, हे विचारलं तर मुलं गप्प बसतात. "महागाई वाढते सर" एवढंच उत्तर येतं. म्हणून आजच्या पाठासाठी एक खरं उदाहरण घेतलं आहे. ते आहे स्पेन देशातलं, २००८ नंतरच्या मंदीतलं. हप्ते थकल्यामुळे घर गमावणाऱ्या लोकांनी तिथे एक संघटना उभी केली. पैसा नाही, पद नाही, सत्ता नाही, अशा माणसांनी एकमेकांना कसं सावरलं, ही ती गोष्ट.

हा पाठ अर्थशास्त्राचा आहे, नागरिकशास्त्राचा आहे, गणिताचाही आहे. आणि थोडासा आपल्या वर्गातल्या त्या मुलाचाही आहे, जे वर्षाच्या मध्येच "आम्ही घर बदललं" एवढंच सांगून मान खाली घालतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे म्हण आहे, 'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून'. स्पेनमध्येही स्वतःच्या घराचं वेड आपल्याइतकंच. मंदीच्या आधी तिथली दहापैकी जवळजवळ आठ कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. सरकारी भाड्याची स्वस्त घरं मात्र फारच थोडी, एकूण घरांच्या दोन-अडीच टक्के. म्हणजे घर हवं असेल तर विकत घ्या, आणि विकत घ्यायचं तर कर्ज काढा, हाच राजमार्ग.

१९९७ ते २००७ या दहा वर्षांत तिथल्या घरांच्या किमती सुमारे तिप्पट झाल्या. किंमत वाढतेच आहे म्हटल्यावर जो तो घर घ्यायला धावला. बँकाही उदार झाल्या. कागदावर घराची किंमत चढी दाखवायची आणि जवळजवळ पूर्ण किमतीचं कर्ज द्यायचं, असे प्रकार सर्रास चालले. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांची मुदत. २००६ या एका वर्षात स्पेनमध्ये सात लाखांहून जास्त घरांचं बांधकाम सुरू झालं. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेचार कोटींच्या आसपास, हे लक्षात घ्या. बांधकामावर गवंडी, सुतार, रंगारी, क्रेन चालवणारे अशा लाखो लोकांना काम मिळालं. त्यात इक्वेडोर, मोरोक्को यांसारख्या देशांतून आलेले मजूरही खूप होते. त्यांनीही हप्त्यावर घरं घेतली. एकाचं कर्ज दुसऱ्याने जामीन राहून उचललेलं, तर कुठे मुलाच्या कर्जाला म्हाताऱ्या आईवडिलांचं घर तारण.

२००८ मध्ये फुगा फुटला. बांधकामं जागच्या जागी थांबली. ज्या हातांनी घरं बांधली, त्याच हातांचं काम पहिल्यांदा गेलं. २००७ मध्ये बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आसपास होती, ती २०१३ च्या सुरुवातीला जवळपास २७ टक्क्यांवर गेली. साठ लाखांहून जास्त माणसं काम शोधत होती. तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त बेकार.

इथे वर्गात जरा थांबा आणि मुलांना विचारा, "घरातली कमावती व्यक्ती अचानक घरी बसली, तर कोणता खर्च आधी बंद होईल?" फिरणं, हॉटेल, नवे कपडे, क्लास अशी यादी मुलं भराभर सांगतात. मग विचारा, "आणि कोणता खर्च बंद करताच येत नाही?" तिथे पोचलं की हप्ता आणि भाडं हे दोन शब्द आपोआप येतात.

आता गणित : फळ्यावर मांडा

हा भाग घाईत उरकू नका. पाठाचा कणा हाच आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्या काळातल्या तिथल्या दरांना आणि नियमांना धरून आहे.

समजा, एका कुटुंबाने २००५ मध्ये घरासाठी २,००,००० युरो कर्ज घेतलं. मुदत ३० वर्षं, व्याजदर ३ टक्के, पण बदलता, म्हणजे ज्याला आपण फ्लोटिंग म्हणतो तो. हप्ता येतो महिना सुमारे ८४३ युरो.

तीन वर्षं हप्ते नियमित भरले. एकूण भरले सुमारे ३०,३०० युरो. त्यातले मुद्दलात गेले फक्त १२,९०० च्या आसपास, बाकी सगळं व्याज. म्हणजे अजून १,८७,००० च्या वर कर्ज शिल्लकच.

२००८ मध्ये युरोपातले व्याजदर चढले. गृहकर्जांचा दर ज्या 'युरिबोर' नावाच्या दराला बांधलेला असतो, तो पाच टक्क्यांच्या वर गेला होता. या कुटुंबाचा दर झाला ६ टक्के. नवा हप्ता सुमारे १,१६७ युरो. पगार तोच, हप्ता मात्र सव्वातीनशे युरोने जास्त!

कसंबसं एक वर्ष काढलं. मुद्दल शिल्लक १,८४,००० च्या आसपास. मग नोकरी गेली. हप्ते थकले. थकबाकीवर दंडव्याज लागलं. काही करारांत हे दंडव्याज १८ टक्क्यांच्याही वर होतं. त्यात कोर्टाचा खर्च. धरा, सगळं मिळून २१,००० वाढले. एकूण देणं २,०५,०००.

आता घराचा लिलाव. मंदीत घर घ्यायला कोण येणार? बोली लावायला कुणीच नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बोली आली नाही, तर बँक ते घर ठरवलेल्या किमतीच्या निम्म्या भावात स्वतःकडे घेऊ शकत होती. म्हणजे २,००,००० चं घर १,००,००० ला बँकेकडे गेलं.

मुलांना वजाबाकी करू द्या. २,०५,००० वजा १,००,०००. उरले १,०५,००० युरो. घर गेलं, सामान रस्त्यावर आलं, आणि वर १ लाख ५ हजार युरोचं देणं डोक्यावर! पुढे नोकरी लागली तर पगारातून कापणार. जामीन राहिलेल्या आईवडिलांच्या मागेही लागणार.

"सर, पण घर तर दिलं ना बँकेला? मग कर्ज कसं काय उरलं?" हा प्रश्न वर्गातून येणारच. यावा म्हणूनच हे गणित आहे. स्पेनमधल्या लाखो लोकांनाही हाच प्रश्न पडला होता. स्पेनच्या कायद्यात कर्जदार आपल्या आजच्या आणि उद्याच्या सगळ्या मालमत्तेनिशी कर्जाला बांधील असतो. फक्त तारण दिलेल्या वस्तूपुरता नाही.

संघटना कशी उभी राहिली?

फेब्रुवारी २००९ मध्ये बार्सिलोना शहरात काही कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी एक मंच सुरू केला. त्याच्या लांबलचक स्पॅनिश नावाचा मराठीत अर्थ होतो 'गृहकर्जाने बाधित झालेल्यांचा मंच'. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला 'पाह' म्हणू लागले. आपणही पुढे पाहच म्हणू. आदा कोलाऊ आणि आद्रिया आलेमानी ही त्या सुरुवातीच्या मंडळींमधली दोन नावं. घरं परवडत नाहीत म्हणून २००६ पासून तिथे तरुणांचं आंदोलन चालू होतं, त्यातूनच हे लोक आले होते.

सुरुवातीच्या सभांना आले ते बरेचसे इक्वेडोरहून आलेले मजूर. पुढे मंदी जशी पसरली, तसे मूळचे स्पॅनिश मध्यमवर्गीयही येऊ लागले. काही वर्षांत देशभर पाहच्या दोनशेहून जास्त स्थानिक शाखा झाल्या.

ही संस्था धान्यवाटप करणारी नव्हती. कुणाचे हप्तेही ती भरत नव्हती. तिच्याकडे होती फक्त आठवड्याची सभा. पण त्या सभेत जे घडायचं, ते आपण शिक्षकांनी नीट पाहण्यासारखं आहे.

नवा माणूस पहिल्यांदा सभेला यायचा तो मान खाली घालून. "मीच चुकलो, मला पेललं नाही, मी बायकापोरांना रस्त्यावर आणलं", हीच भावना. कितीतरी जणांनी घरच्यांनाही नोटिशीबद्दल सांगितलेलं नसायचं. बँकेत गेलं की तिथे टेबलापलीकडचा माणूस एकेकट्याला गाठून बोलायचा. त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, हे संकट आपल्या एकट्यावरच आलंय.

सभेत उलटं व्हायचं. सगळे गोल करून बसायचे. नवीन आलेल्याने आपली गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची. आणि उत्तर द्यायचा तो वकील नाही, तर सहा महिन्यांपूर्वी त्याच खुर्चीवर बसून रडलेला दुसरा कर्जदार! "माझंही असंच झालं. मी अमुक अर्ज केला. बँकेने तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा ऐकलं." सल्ला सगळ्यांसमोर, त्यामुळे एकाला सांगितलेलं चाळीस जण शिकायचे. सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा दंडकच होता. वकील मदतीला असत, पण सगळा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. अर्जांचे नमुने तयार करून ठेवलेले, कुणीही घ्यावेत, नाव घालावं आणि वापरावेत. बँकेत जाताना कुणी एकटं जायचं नाही, सोबत दोघं-तिघं जायचे.

शिक्षक म्हणून मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आज मदत घ्यायला आलेला माणूस काही महिन्यांनी मदत करणारा होतो. आपल्या वर्गात एखाद्या मुलाला उदाहरण सुटलं की आपण त्याला म्हणतो, "आता शेजारच्याला समजावून सांग." समजावताना त्याचं स्वतःचंही पक्कं होतं आणि मान ताठ होते. पाहच्या सभेत हेच होत होतं.

काम तीन पातळ्यांवर

पाहचं काम मुलांना सांगताना तीन भागांत सांगा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

*पहिली पातळी : दारातली.* घर खाली करून घ्यायला कोर्टाची माणसं ज्या दिवशी येणार, त्या दिवशी सकाळीच शेजारीपाजारी आणि सभेतले लोक त्या घराच्या दारात जमायचे. मारामारी नाही, दगडफेक नाही. नुसतं दारात बसून राहायचं. "सी से पुएदे" ही त्यांची घोषणा, म्हणजे "होय, हे जमू शकतं". नोव्हेंबर २०१० मध्ये कातालोनियातल्या ला बिस्बाल देल पेनेदेस या गावात पहिल्यांदा असं घर वाचलं. मुलांना इथे एक गोष्ट स्पष्ट करून सांगा. दारात बसल्याने कर्ज माफ होत नाही. फक्त तारीख पुढे जाते. पण त्या मिळालेल्या आठवड्यांत बँकेशी बोलणी करता येतात, कमी भाड्यावर त्याच घरात राहण्याची परवानगी मागता येते. पाहच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे दोन हजारांहून जास्त वेळा असं घर रिकामं करणं थांबलं.

*दुसरी पातळी : कायद्याची.* मागणी साधी होती. घर बँकेला परत दिलं की कर्ज फिटलं असं धरा. बोली न आलेलं घर निम्म्या भावात घ्यायची मुभा बंद करा. आणि घर गेलेल्यांना परवडणारं भाड्याचं घर द्या. स्पेनमध्ये पाच लाख नागरिकांच्या सह्या असतील तर लोकांना थेट संसदेपुढे कायद्याचा प्रस्ताव ठेवता येतो. पाहने कामगार संघटना आणि इतर संस्थांना सोबत घेऊन सह्या जमवल्या. किती? १४ लाखांहून जास्त! फेब्रुवारी २०१३ मध्ये संसदेने तो प्रस्ताव चर्चेला घेतला.

त्याच वर्षी १४ मार्चला युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका कर्जदाराच्या खटल्यात निकाल दिला. करारातली अट अन्यायकारक आहे असं कर्जदार म्हणत असेल, तर ते तपासून होईपर्यंत जप्ती थांबवण्याची सोय स्पेनच्या कायद्यात नाही, आणि हे युरोपच्या ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एका सामान्य माणसाच्या खटल्यामुळे अख्ख्या देशाला कायदा बदलावा लागला. नागरिकशास्त्रातल्या 'न्यायव्यवस्था' या पाठाला याहून चांगलं उदाहरण कोणतं?

*तिसरी पातळी : रिकाम्या घरांची.* २०११ च्या जनगणनेत स्पेनमध्ये सुमारे ३४ लाख घरं रिकामी निघाली. एकीकडे घराबाहेर काढलेली माणसं, दुसरीकडे कुलूपबंद घरं! त्यातली बरीच बँकांच्या ताब्यात. सरकारने बँकांना वाचवण्यासाठी युरोपकडून सुमारे ४१ अब्ज युरो घेतले होते. तेव्हा लोक विचारू लागले, बँकांना आधार मिळतो, मग आम्हाला का नाही? पाहने बँकांच्या रिकाम्या इमारतींमध्ये बेघर कुटुंबांना राहायला नेण्याची मोहीम काढली. हे कायद्याच्या चौकटीबाहेरचं होतं आणि त्यावरून मोठा वाद झाला.

यश किती, अपयश किती?

मुलांना एकतर्फी गोष्ट सांगू नका. दोन्ही बाजू फळ्यावर लिहा.

मिळालं ते असं. बोली न आलेलं राहतं घर बँकेने किती भावात घ्यायचं, ही मर्यादा ५० टक्क्यांवरून २०११ मध्ये ६० आणि २०१३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. २०१२ मध्ये बँकांसाठी एक आचारसंहिता आली, तिच्यात अगदी हलाखीतल्या कुटुंबांना घर देऊन कर्जमुक्त होण्याची वाट ठेवली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा कुटुंबांना घराबाहेर काढायला दोन वर्षांची स्थगिती मिळाली. २०१३ मध्ये युरोपीय संसदेने पाहला 'युरोपीय नागरिक पुरस्कार' दिला. २०१५ मध्ये कातालोनियाच्या विधिमंडळाने पाह आणि सोबतच्या संस्थांनी आणलेला कायदा एकमताने मंजूर केला. मोठ्या घरमालकांनी कुणाला बाहेर काढण्याआधी परवडणाऱ्या भाड्याचा पर्याय द्यावा, आणि गरीब घराचं वीज-पाणी परस्पर तोडू नये, अशी त्यात तरतूद होती.

आता न मिळालेलं. 'घर परत, कर्ज समाप्त' ही मुख्य मागणी सगळ्यांसाठी कायद्यात कधीच आली नाही. १४ लाख सह्यांचा प्रस्ताव संसदेत आला, पण मे २०१३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यातून ती मागणी वगळली गेली. कातालोनियाच्या कायद्यातला घरांविषयीचा भाग २०१६ मध्ये संविधान न्यायालयात अडकला. २०१५ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात अधिकाऱ्यांना अडवणाऱ्यांसाठी ६०१ ते ३०,००० युरो दंड आला, त्यामुळे दारात बसणंही महाग झालं. आणि कर्जाचा प्रश्न थोडा ओसरतोय तोवर भाड्याचा उभा राहिला. भाडं थकलं म्हणून बाहेर काढलेल्यांची संख्या कर्जवाल्यांपेक्षा जास्त झाली. २०१२-१३ च्या काळात दोन्ही मिळून वर्षाला साठ हजारांहून जास्त घरं रिकामी करून घेतली जात होती. त्यापुढे दोन हजार वाचलेली घरं म्हणजे फार थोडी. पण त्या दोन हजार घरांतल्या माणसांना विचारा!

टीकाही झाली. २०१३ मध्ये कार्यकर्ते खासदारांच्या राहत्या घरांसमोर जाऊन घोषणा देऊ लागले. लोकप्रतिनिधीच्या घरच्यांना, लेकरांना यात का ओढता, असा आक्षेप आला. बँकांची बाजूही अशी की, कर्ज घेताना सही तुम्हीच केली होती, आणि बँकेत ठेवलेला पैसा हाही सामान्य ठेवीदारांचाच असतो. हे मुद्दे वर्गात जरूर येऊ द्या. आदा कोलाऊ २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या महापौर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. पण खुर्चीवर बसून आठ वर्षं काम करूनही शहराचा घरांचा प्रश्न सुटला नाही. प्रश्न विचारणं आणि सोडवणं यातलं अंतर मुलांना यातून चांगलं कळतं.

आपल्याकडे काय?

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. आपल्याकडेही बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं बुडीत धरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत बँकेला लेखी आक्षेप कळवता येतो, आणि बँकेला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आणि हो, लिलावातून कर्ज पुरतं फिटलं नाही, तर उरलेली रक्कम आपल्याकडेही वसूल करता येते. म्हणून नोटीस आली की ती कपाटात दडवून ठेवू नका. पहिल्याच महिन्यात बँकेशी लेखी बोला. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पण त्या काळातलं व्याज चालूच होतं, हे अनेकांना नंतर कळलं. सवलत घेण्याआधी तिची किंमत विचारायची असते.

आणि शिक्षकांसाठी एक गोष्ट. घर गेलं किंवा भाडं परवडेना झालं की पहिला फटका मुलाच्या शाळेला बसतो. मूल वर्षाच्या मध्येच आपल्या शाळेत येतं, हातात दाखला नसतो, जुन्या शाळेत फी थकलेली असते. पहिली ते आठवीसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. त्या मुलाला दारातून परत पाठवायचं नाही. बेघरपणाच्या प्रश्नावर आपल्या हातात असलेलं एवढं काम तरी आपण चोख करू शकतो.

वर्गात कसं घ्याल?

तीन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत पार्श्वभूमी आणि फळ्यावरचं गणित. व्याजदर ३ चा ६ झाला की हप्ता दुप्पट का होत नाही, हा प्रश्न हुशार मुलांना घरी सोडवायला द्या. (इशारा : हप्त्यात मुद्दलही असतं.)

दुसऱ्या तासिकेत सभा भरवा. बाकं हलवून गोल करा. सहा-सात मुलांना भूमिका द्या : नोकरी गेलेला गवंडी, जामीन राहिलेली आजी, बँकेचा अधिकारी, सभेत आधीपासून येणारी बाई, कोर्टाचा माणूस, शेजारी. बँक अधिकाऱ्याची भूमिका वर्गातल्या चांगल्या बोलणाऱ्या मुलाला द्या, नाहीतर ती बाजू लुळी पडते. प्रत्येकाने दोनच मिनिटं बोलायचं. शेवटी बाकीच्या मुलांनी एक तोडगा लिहायचा, जो दोन्ही बाजूंना थोडा तरी पटेल.

तिसऱ्या तासिकेत लेखन. विषय द्या : 'नोकरी गेल्यामुळे हप्त्याची मुदत वाढवून मिळावी म्हणून बँक व्यवस्थापकांना विनंती अर्ज लिहा.' उपयोजित लेखनाचा सरावही होईल आणि हात जोडून गयावया न करता, मुद्देसूद, सन्मानाने कसं मागावं हेही मुलं शिकतील.

चर्चेसाठी प्रश्न :

१. घर बँकेला परत दिल्यावर कर्ज संपावं का? तसं केलं तर बँका पुढच्या माणसाला कर्ज देताना काय बदल करतील?
२. ज्याने पहिल्यांदा सही केली तो कर्जदार आणि ज्याने चढी किंमत दाखवली तो अधिकारी, यांच्यात जबाबदारी कशी वाटाल?
३. रिकामं घर आणि बेघर कुटुंब समोरासमोर असतील, तर कायदा कसा असावा?
४. सभेत सल्ला सगळ्यांसमोर दिला जायचा. त्याचा फायदा काय? कुणाला त्याचा त्रास होऊ शकतो का?

एक काळजी मात्र जरूर घ्या. "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरावर कर्ज आहे? हात वर करा", असं कधीच विचारू नका. वर्गात भाड्याने राहणारी मुलं असतात, वस्तीतली असतात, नातेवाइकांकडे राहणारी असतात. गोष्ट स्पेनची आहे, ती स्पेनचीच राहू द्या. ज्याला स्वतःचं काही सांगावंसं वाटेल, ते मूल तासिका संपल्यावर तुमच्या टेबलाजवळ येऊन उभं राहील. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा आणि ऐका. शक्य असेल तर पालकांना भेटा, पण मुलासमोर त्यांना कमीपणा येईल असं बोलू नका.

पाहच्या सभांना जी माणसं आली, त्यांचं सगळ्यात मोठं ओझं पैशाचं नव्हतं, लाजेचं होतं. ते ओझं चारचौघांत बोलून हलकं झालं आणि मग पुढचं लढणं जमलं. पैशाचं गणित आपण मुलांना शिकवतोच. संकटात सापडलेला माणूस नालायक नसतो, आणि मदत मागणं म्हणजे भीक नव्हे, हेही त्याच तासिकेत शिकवू या.

हा पाठ आपापल्या वर्गात घेतलात तर मुलांनी काढलेले तोडगे जरूर जपून ठेवा. मोठ्यांना न सुचलेलं काहीतरी त्यात नक्की सापडेल.